धबधबा आणि वाटाड्या

पावसाळ्याला तोंड लागून पंधरवडा लोटला की आमच्या शाळेत एक प्रश्न दरवर्षी नेमाने उभा राहतो : यंदा सहल कोठे न्यावयाची? मुले ‘आंबोली’ म्हणतात, पालक ‘जपून’ म्हणतात, आणि हिशेब पाहणारे ‘कितीला?’ म्हणतात. या तिन्ही मतांचा मान राखून जी सहल निघते ती बहुधा अर्ध्या दिवसाची असते. सकाळी निघावे, दोनचार धबधबे पाहावेत, कड्यावरून दरीत डोकवावे, आणि दुपारच्या जेवणास परत यावे. अशा सहलीत बरोबर एक माहीतगार वाटाड्या असावा की नसावा, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याविषयीचे आमचे मत एका प्रसंगाने पूर्णपणे पालटले. ते वार्षिकाच्या वाचकांपुढे, विशेषतः आमच्या माजी विद्यार्थ्यांपुढे, मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कारण त्यांपैकी पुष्कळजण आता आपल्या मुलाबाळांस घेऊन याच वाटेने जात असतात.

प्रथम परिस्थिती पाहू. १९८१ साली रत्नागिरीतून निराळा झालेला आपला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढील वर्षी कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली, आणि २०२१ मध्ये चिपी येथे विमानेही उतरू लागली. पूर्वी वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीकडे जाणारा माल आंबोलीच्या वाटेने घाट चढत असे, आणि गाडीवान तेथे केवळ बैलांस विसावा देण्यापुरते थांबत. आता त्याच घाटात श्रावणातील रविवारी मोटारींची रांग लागते. ‘अर्ध्या दिवसात पाच ठिकाणे’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. हा नवा व्यवसाय आहे, त्यात पुष्कळांस भाकरी मिळते, आणि त्याकडे नाक मुरडण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

परंतु सुशिक्षितांमध्ये या सहलींविषयी दोन प्रकारचे आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, अर्ध्या दिवसात धबधबे पाहणे म्हणजे पाहणे नव्हे, धावणे होय. दुसरा असा की, परमुलखातून येणाऱ्यास वाटाड्या हवा हे ठीक. आपण याच मातीत वाढलो, आपणांस वाट दाखविणारा कशास पाहिजे? धबधबा काही लपून बसलेला नाही. रस्त्यावरून दिसतो, आणि पाहण्यास पैसा पडत नाही. आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे या दुसऱ्या पक्षात होतो, हे आरंभीच कबूल करतो.

संघटित सहलीची चाल मुळात फार जुनी नाही. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या एका बाप्टिस्ट गृहस्थाने दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे लेस्टर गावाहून लफबरोपर्यंत आगगाडीने नेली, आणि माणशी एक शिलिंग घेतला. त्यातून पुढे जगभर पसरलेली कंपनी उभी राहिली, आणि ती २०१९ साली बुडालीही. कुकचे यश आगगाडीचे नव्हते. आगगाडी दुसऱ्याची होती. जे लोक एकटे घराबाहेर पडले नसते त्यांस ‘मी बरोबर आहे’ असे सांगणारा एक मनुष्य मिळाला, हे त्याचे यश होते. वाटाड्याचा धंदा याच आधारावर उभा आहे. त्याच्या बरोबर असण्यास काही अर्थ असेल तर सहलीसही अर्थ आहे. तो नुसता गाडीत बसून ‘उतरा’ आणि ‘चढा’ म्हणत असेल तर पहिल्या पक्षाचा आक्षेप बरोबर ठरतो.

आता अर्ध्या दिवसात काय साधते ते पाहू. सावंतवाडीहून आंबोली सुमारे ३० किलोमीटर. मालवणाकडून निघणाऱ्याने सावंतवाडीपर्यंतचा वेळ आधी मोजावा. सकाळी सातला सावंतवाडी सोडली तर घाटातील मुख्य धबधबा, नांगरतास, हिरण्यकेशीचा उगम आणि कावळेसादचा कडा ही चार ठिकाणे पाहून एक-दीड वाजेपर्यंत परत येता येते. चारांऐवजी दोन पाहिली तर अधिक चांगले, असे आमचे मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

या चार ठिकाणांत भूगोलाचा असा एक पाठ दडलेला आहे की तो वर्गातील फळ्यावर वर्षभर शिकवून समजत नाही. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि ओझे टाकतात. त्यामुळे आंबोलीस वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. खाली किनाऱ्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. हे सारे पाणी माथ्यावरील जांभ्याच्या सड्यावर पडते आणि तेथे त्याची वाटणी होते. एक थेंब पश्चिमेकडे घरंगळला तर घाटातून कोसळून लवकरच अरबी समुद्रास मिळतो. त्याच्या शेजारचाच थेंब हिरण्यकेशीत पडला तर आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असे करीत घटप्रभेस जातो, घटप्रभेतून कृष्णेस, आणि अखेर बंगालच्या उपसागरास. गोकाकचा सुमारे ५२ मीटर उंचीचा धबधबा याच घटप्रभेवर आहे. दोन थेंबांमध्ये वीतभर अंतर, आणि त्यांच्या मुक्कामांमध्ये सारा हिंदुस्थान! नकाशावर ही गोष्ट मुलांनी शंभर वेळा गिरविलेली असते. परंतु सड्यावर उभे राहून दोन्ही बाजूंस पाणी वाहताना पाहिले म्हणजे ‘पाणलोट’ या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

नांगरतासाचे नावही विचार करण्यासारखे आहे. मुलांस ‘तास’ म्हटला की घड्याळाचा तास, नाहीतर गणिताचा तास एवढेच ठाऊक असते. नांगर चालल्यावर जमिनीत पडणारी जी रेघ, तिलाही तास म्हणतात. येथे पाण्याने खडकात अशी काही अरुंद व खोल रेघ ओढली आहे की ज्याने प्रथम हे नाव दिले तो शेतकरी असला पाहिजे, यात आम्हांस संशय नाही. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यातील भेगेत पाणी शिरते, गोटे घुसळते, भोके पाडते, आणि भोकांची रांग जोडून घळ करते. नगर जिल्ह्यात निघोज येथे कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे याच क्रियेने झालेले आहेत. धबधबा आपला पायथा कोरतो, वरचा खडक ढासळतो, आणि धबधबा हळूहळू मागे सरकतो. अमेरिकेतील नायगारा अशा रीतीने सुमारे १२ हजार वर्षांत सुमारे ११ किलोमीटर मागे गेला आहे. म्हणजे धबधबा ही स्थिर वस्तू नव्हे. तो चालू असलेला उद्योग आहे. आणि चालू यंत्राजवळ जसे कोणी तरी माहीतगार उभे राहावे लागते, तसेच धबधब्याजवळही.

येथपर्यंत वाचणारा म्हणेल, ‘हे तर भूगोलाच्या शिक्षकानेच सांगितले, वाटाड्याने काय केले?’ हाच प्रश्न आम्हीही एके काळी करीत होतो.

काही वर्षांमागे श्रावणात आमच्या शाळेची आठवीची मुले आंबोलीस गेली होती. पटावर बेचाळीस, बरोबर आम्ही तिघे शिक्षक. सहलीच्या अंदाजपत्रकात वाटाड्याचे आठशे रुपये धरलेले होते. ती रक्कम वाचवून मुलांस अधिक खाऊ द्यावा असे आम्ही सुचविले होते. एका पालकांनी हट्ट धरला म्हणून ती राहिली. वाटाड्या आंबोलीचाच, वयाने पन्नाशीचा, शाळा चौथीपर्यंत झालेली. डोक्यावर इरले, हातात काठी, पायांत प्लास्टिकच्या चपला. बोलणे थोडके. आम्हांस त्याच्याकडून शिकण्यासारखे काही असेल अशी कल्पना आमच्या मनाला शिवली नव्हती. आम्ही पदवीधर, आणि विषय भूगोल!

तरीही त्या सकाळी त्याने दोन गोष्टी दाखविल्या त्या आम्हांस दिसल्या नसत्या. हिरण्यकेशीच्या उगमाशी मुले देवळाकडे पाहत होती. त्याने त्यांस पाण्याकडे पाहावयास लावले. त्या कुंडात बोटभरही लांब नसलेला एक मासा राहतो. शास्त्रज्ञांनी २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद केली, नदीचेच नाव त्यास दिले, आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. मुलांनी पाण्यात हात घालू नये म्हणून त्याने काठी आडवी धरली, आणि एवढेच म्हणाला, “हेंचा घर ह्याच. दुसरा खयं नाय.” नंतर सड्यावर त्याने एक दगड दाखवून सर्वांस लांबून फिरून जाण्यास सांगितले. दगडाच्या बाजूस एक लहानसा पट्टेदार बेडूक बसला होता. आंबोली टोड या नावाने ओळखली जाणारी ही जात २००९ साली शास्त्रात नोंदली गेली, आणि ती या आंबोलीच्या परिसरातच सापडते. बेचाळीस मुले धावत गेली असती तर त्याचे काय झाले असते, ते सांगावयास नको.

तेथून परतताना वाटेत एक व्हाळ लागला. त्यास नाव नाही, पाटी नाही, कठडा नाही. घोट्याएवढे स्वच्छ पाणी, मध्ये सपाट खडक, आणि वर नुकतेच ऊन पडलेले. मुले किनाऱ्यावरची. चालू लागण्याच्या आधी पोहू लागलेली. ती पाण्यात उतरली यात नवल नाही, आणि आम्ही उतरू दिले यातही त्या वेळी आम्हांस गैर वाटले नाही. दहाबारा मुले खडकावर उभी राहिली, आणि आम्ही छायाचित्र घेण्याच्या तयारीस लागलो.

इतक्यात वाटाड्या जवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, पोरांका वर घेवा.”

आम्ही म्हणालो, “पाच मिनिटे. एक छायाचित्र होऊ द्या.”

“पाच मिन्टां नाय. आता.”

त्याचा स्वर आम्हांस उद्धट वाटला. आम्ही उत्तर दिले नाही. वाचकहो, ही गोष्ट लिहिताना आजही आमचा हात अडखळतो. एका जबाबदार शिक्षकाने, बेचाळीस घरची मुले अंगावर असताना, केवळ सांगणारा मनुष्य आपल्यापेक्षा कमी शिकलेला आहे म्हणून त्याचे ऐकले नाही. त्याने मात्र आमच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तो पाण्यात उतरला, दोन लहानांस बखोटीस धरून काठावर आणले, आणि बाकीच्यांवर असा ओरडला की ती आपोआप बाहेर पळाली. आम्ही रागावून पुढे झालो ते त्यास बोल लावण्यासाठी.

पट पुकारावयास जेवढा वेळ लागतो तेवढाही गेला नसेल. वरच्या वळणावरून आवाज आला, आणि तांबडे पाणी फांद्या, पाला व गोटे घेऊन उतरले. ज्या खडकावर मुले उभी होती तो दिसेनासा झाला. आमच्या माथ्यावर ऊन होते. पाऊस दोन डोंगर पलीकडे पडला होता. मुले गप्प झाली. आम्ही पट मोजला. बेचाळीस. पुन्हा मोजला, आणि पुन्हा.

मागाहून आम्ही त्यास विचारले, तुम्हांस कसे कळले? तो म्हणाला, पाण्याचा रंग किंचित पालटला होता, हिरवी पाने वाहत येऊ लागली होती, आणि आवाज जड झाला होता. वाळलेला पाला नेहमीच वाहतो. हिरवा पाला आला म्हणजे वर कोठे तरी पाण्याने झाड ओरबाडले. ही तीन लक्षणे आमच्याही डोळ्यांपुढे आणि कानांपुढे होती. आम्ही ती वाचली नाहीत; त्याने वाचली. अक्षरे वाचणे आणि पाणी वाचणे या दोन विद्या आहेत, आणि एक येते म्हणून दुसरी येतेच असे नाही. ठरल्याप्रमाणे त्याने आठशे रुपये घेतले. आम्ही अधिक देऊ लागलो, तो “ठरलेले तेवढेच” म्हणून निघून गेला.

आमच्या किनाऱ्याच्या लोकांस ही गोष्ट वस्तुतः कोणी शिकवावी लागू नये. तांडेलावाचून होडी दर्यात लोटावी असे मालवणात कोणी म्हणत नाही. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, आणि मुंबईहून आलेला कितीही थोर मनुष्य असला तरी धक्क्यावरून किल्ला पाहून परत जातो. होडीवाल्याशी हुज्जत घालीत नाही. मग समुद्रापुढे इतके नम्र असणारे आपण डोंगरापुढे उद्धट का होतो? आम्हांस वाटते, त्याचे कारण असे की समुद्राचे पाणी वेळापत्रकाने येते. भरतीओहोटी तिथीवरून सांगता येते, आणि त्यामुळे पाण्याची ओळख आपणांस आहे असा आपला समज होतो. डोंगराचे पाणी तिथी पाळीत नाही. चांगला पोहणारा मुलगा तर येथे अधिकच फसतो. कारण या पाण्यात बुडण्यापूर्वी दगडाचा मार बसतो, आणि तेथे पोहण्याची कला चालत नाही.

हे भय आमच्या मनाचे खेळ नव्हेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांस घट्ट धरून उभे असलेले ते कुटुंब साऱ्या देशाने चित्रफितीत पाहिले. थोड्या वेळापूर्वी तेथेही पाणी उथळच होते. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. आमच्या जिल्ह्यातच २०१७ साली कावळेसाद येथे दोन तरुण कठडा ओलांडून गेले आणि दरीत पडले. या तीन घटनांची कारणे निराळी आहेत. एकीत पाणी वाढले, दुसरीत पूल थकला होता, तिसरीत माणसांनीच मर्यादा ओलांडली. परंतु तिन्हींत एक गोष्ट समान दिसते. ज्याचे ऐकावयास हवे असा जागेचा माहीतगार मनुष्य त्या क्षणी माणसांच्या बरोबर नव्हता.

यावर कोणी म्हणेल की सरकारने कठडे बांधावेत, पाट्या लावाव्यात, पोलीस उभे करावेत. अवश्य करावे. वैभववाडी तालुक्यातील नापणे धबधब्यावर २०२५ साली काचेचा पूल खुला झाला आहे. म्हातारी माणसे व लहान मुले पाण्यात न उतरता पाणी पाहू शकतात, ही सोय चांगली आहे. परंतु कठडा एका जागी उभा असतो, आणि मनुष्य चालत असतो. पाटी नाव असलेल्या ठिकाणी लागते. आमचा व्हाळ बिननावाचा होता. शिवाय पाटी काल काय होते ते सांगते. आता या घटकेस वर काय चालले आहे, हे सांगणारा जिवंत मनुष्यच लागतो.

दुसरा आक्षेप असा की वाटाडे काहीबाही दंतकथा सांगतात, आणि मुलांच्या डोक्यात चुकीचे ज्ञान भरते. यात तथ्य आहे. जबलपूरजवळ भेडाघाटास संगमरवरी कड्यांमधून नर्मदेत नाव जाते, तेव्हा नावाडी यमके जुळवून कड्यांची वर्णने सांगतात. तो भूगर्भशास्त्राचा पाठ नव्हे, करमणूक होय. आंबोलीतही प्रत्येक घळीस एखादी कथा चिकटलेली आहे. परंतु चूक दुरुस्त करावयास शिक्षक बरोबर असतोच ना? वाटाड्याने पाणी दाखवावे, शिक्षकाने त्याचे कारण सांगावे. कावळेसादला वाटाड्या म्हणतो, रुमाल दरीत टाका, परत येईल; आणि खरोखर दरीतून उसळणारा वारा रुमालच नव्हे तर धबधब्याचे पाणीही वर उडवितो. तेथे शिक्षकाने सांगावे की कड्याला अडलेला वारा वरच चढणार, आणि हाच वारा आपल्याकडे पाऊस आणतो. एकाने चमत्कार दाखवावा, दुसऱ्याने त्यातील नियम उलगडावा. यात कोणाचाही मान कमी होत नाही. मात्र मुलांदेखत वाटाड्याची चूक हसून काढू नये. ज्याच्या सांगण्यावर मुलांचा जीव अवलंबून आहे, त्याचा शब्द आपणच हलका केला तर ऐन वेळी मुले त्याचे ऐकणार नाहीत.

तिसरा आक्षेप पैशाचा. खेड्यातील शाळेस आठशे रुपये थोडे नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु बेचाळीस मुलांत ते माणशी वीस रुपयांच्याही आत पडतात. एका वेळच्या वडापावाची किंमत. ज्या सहलीत भज्यांस पैसे आहेत आणि वाटाड्यास नाहीत, ती सहल न काढणे बरे.

आणि जे म्हणतात अर्धा दिवस म्हणजे नुसती धाव, त्यांस आमचे उत्तर असे : दोष अर्ध्या दिवसाचा नाही, पाच ठिकाणांचा आहे. अर्ध्या दिवसात दोन ठिकाणे स्वस्थपणे पाहता येतात. पूर्ण दिवसात आठ ठिकाणे पाहणारा त्यापेक्षा कमीच पाहतो. लहान मुलांची नजर तीन तासांहून अधिक ताजी राहत नाही, हे वर्गात वावरणाऱ्यास ठाऊक आहे. थकलेले मूल निसरड्या दगडावर अधिक घसरते, हेही खरे. तेव्हा सकाळचे पाच-सहा तास, दोन ठिकाणे आणि एक वाटाड्या, असे प्रमाण आम्हांस योग्य वाटते.

अनुभवावरून काही सूचना करण्याची परवानगी घेतो. वाटाड्या त्याच गावचा असावा, आणि आदल्या आठवड्यात शिक्षकाने त्यास भेटून वाट ठरवावी. निघण्यापूर्वी त्याची व मुलांची ओळख करून द्यावी, आणि सर्वांदेखत सांगावे की पाण्याजवळ शिक्षकांसह सर्वांनी यांचेच ऐकावयाचे आहे. हवामान खात्याने नारिंगी वा तांबडा इशारा दिला असेल त्या दिवशी सहल पुढे ढकलावी. पालकांनी कुरकुर केली तरी ढकलावी. प्रवाहात उभे राहून छायाचित्र घेऊ नये. प्रत्येक मुलाने वाटाड्यास एक प्रश्न विचारावा, आणि घरी आल्यावर त्याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावे. अशा लिहिण्यातून आमच्या शाळेस गेल्या काही वर्षांत जे निबंध मिळाले, ते ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या छापील नमुन्याच्या निबंधांहून शतपटीने सरस आहेत. एका मुलीने लिहिले होते की पाण्याला रंग असतो हे मला आधी ठाऊक नव्हते. पाठ्यपुस्तकात तर पाणी रंगहीन आहे असेच छापलेले आहे, आणि दोन्ही विधाने खरी आहेत.

शिक्षणाचे काम करणाऱ्या आम्हां लोकांस एक व्यसन जडते. चारचौघांत सर्वांत अधिक जाणणारे आपणच, असे समजण्याचे. वर्गात ते बहुधा खरेही असते, म्हणून ते सुटत नाही. वर्षातून एक अर्धा दिवस असा असावा की त्या दिवशी गुरुजींनी विद्यार्थ्यांच्या रांगेत उभे राहावे आणि चौथी शिकलेल्या माणसाच्या हाकेस ओ द्यावी. मुलांस याहून मोठा धडा धबधबाही देणार नाही. ज्ञान कोणाकडे आहे हे ओळखून त्याच्याकडून ते घ्यावे, ही गोष्ट सांगून शिकवता येत नाही. ती करूनच दाखवावी लागते.

यंदाच्या सहलीचे अंदाजपत्रक आमच्या हातून तयार झाले आहे. त्यात पहिली ओळ वाटाड्याची आहे, दुसरी गाडीची, आणि तिसरी खाऊची. हिशेब पाहणाऱ्यांनी नेहमीप्रमाणे ‘कितीला?’ म्हणून विचारले, तेव्हा आम्ही बेचाळीस हा आकडा सांगितला. त्यांस तो रुपयांचा वाटला, आणि इतक्या थोड्यात वाटाड्या मिळतो म्हणून ते प्रसन्न झाले. मग त्यांस ती सारी हकीकत सांगावी लागली. तीच येथे लिहिली आहे.